गतीचे ग्राफ वाचायचे कसे: आधी अक्ष बघा, मग रेषा

नववीत गतीचे नियम हा धडा आला की पोरं सूत्रं पटापट पाठ करतात पण पेपरात ग्राफ दिसला की पेन थांबतं. अकरावीत परत तेच, सीईटीला परत तेच, फक्त रेषा जरा जास्त वाकड्या होतात. खरंतर या ग्राफमध्ये बघायच्या गोष्टी तीनच असतात, रेषा किती उंचीवर आहे, किती तिरकी आहे, आणि तिच्याखाली किती जागा आहे. कुठल्या ग्राफमध्ये यातल्या कशाचा काय अर्थ, एवढंच शिकायचं आहे. ग्राफ पेपर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा, नुसतं वाचून हे येत नाही, हाताने काढावं लागतं.

रेषा झाका

हो, खरंच. ग्राफ समोर आला की पहिल्यांदा रेषेवर हात ठेवा आणि फक्त अक्ष वाचा. आडव्या अक्षावर बहुतेक वेळा वेळच असते, त्यामुळे सगळी मेख उभ्या अक्षात. तिथे अंतर लिहिलंय, विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून सरळ रेषेत, दिशेसकट किती लांब) लिहिलंय, वेग लिहिलाय की त्वरण (वेग बदलण्याचा दर)? आणि एकक काय, मीटर की किलोमीटर, सेकंद की तास? हे वाचल्याशिवाय रेषेला काहीही अर्थ नाही.

एक आडवी सरळ रेषा घ्या. उभ्या अक्षावर अंतर असेल तर गाडी उभी आहे, वेळ जातेय पण अंतर वाढत नाहीये. तीच रेषा, पण अक्षावर वेग असेल तर गाडी एकाच वेगाने धावतेय, कदाचित ताशी ८० ने. आणि अक्षावर त्वरण असेल तर गाडीचा वेग सतत एकाच दराने बदलतोय. रेषा तीच, पण तीन गाड्यांचं चाललंय तीन तऱ्हेचं! म्हणून "आडवी रेषा म्हणजे थांबलेली वस्तू" असं पाठ करू नका, अर्धे मार्क तिथेच जातात.

दुसरा घोळ याच्याच जवळचा आहे. ग्राफ म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. रेषा वर चढली म्हणून गाडी घाट चढत नाही आणि खाली आली म्हणून उतारावरून येत नाही, गाडी सपाट सरळ रस्त्यावरच असते. हे वाचताना सोपं वाटतं पण वेग-काल ग्राफमध्ये टेकडीसारखी वर जाऊन खाली आलेली रेषा दिली आणि "गाडी शेवटी कुठे आहे" विचारलं की वर्गातली निम्मी मुलं "परत सुरुवातीला आली" म्हणून मोकळी होतात. नाही आली. वेग वाढला, मग कमी होत शून्य झाला, गाडी पुढे जाऊन थांबली.

स्केलपण बघून घ्या. एक चौकोन म्हणजे किती सेकंद, किती मीटर, आणि अक्ष शून्यापासून सुरू होतोय का. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदात दिली असेल तर आधी एकक बदला, १८ किमी प्रति तास म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद, हे एवढं लक्षात ठेवलं की ३६, ५४, ७२ सगळे तोंडी होतात.

अंतर-काल ग्राफ, उसैन बोल्टची शर्यत घेऊन

पुस्तकातली आकडेवारी फार गुळगुळीत असते, म्हणून खरी घेऊ. १६ ऑगस्ट २००९, बर्लिन, वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटर फायनल, बोल्टने ९.५८ सेकंदात संपवली आणि तो जागतिक विक्रम झाला. त्या शर्यतीचे दर दहा मीटरचे टायमिंग मोजलेले आहेत. १० मीटरला १.८९ सेकंद, २० ला २.८८, ३० ला ३.७८, ४० ला ४.६४, ५० ला ५.४७, ६० ला ६.२९, ७० ला ७.१०, ८० ला ७.९२, ९० ला ८.७५ आणि १०० ला ९.५८. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्यावर मीटर घ्या, बिंदू टाका आणि हाताने जोडा, पट्टीने नको.

आता बघा काय दिसतं. रेषा सुरुवातीला जवळजवळ आडवी आहे, मग वर वळते, मग बरीचशी सरळ होते. सुरुवातीचा बारीक तुकडा तर पूर्ण आडवाच हवा कारण बंदूक वाजल्यापासून बोल्ट हलेपर्यंत ०.१४६ सेकंद गेले होते, तेवढा वेळ अंतर शून्य. पुढचा वळलेला भाग म्हणजे वेग वाढतोय. सरळ भाग म्हणजे वेग जवळपास तोच राहिलाय.

अंतर-काल ग्राफमध्ये वेग कुठे लपलाय? चढात. चढ काढायचा म्हणजे रेषेवरचे दोन बिंदू घ्यायचे, उभ्या अक्षावर किती फरक पडला त्याला आडव्या अक्षावर किती फरक पडला त्याने भागायचं. पहिल्या दहा मीटरला १० भागिले १.८९, म्हणजे ५.२९ मीटर प्रति सेकंद. ६० ते ७० मीटरला १० भागिले ०.८१, म्हणजे १२.३५, ताशी ४४ किलोमीटरच्या पुढे, गल्लीत स्कूटरला मागे टाकेल. आणि पूर्ण शर्यतीची सरासरी १०० भागिले ९.५८, म्हणजे १०.४४. सरासरीसाठी सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू सरळ रेषेने जोडा, त्या रेषेचा चढ म्हणजे सरासरी, मधे काय झालं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. शेवटच्या टप्प्यात बोल्ट हळू झाला होता. ७० ते ८० ला ०.८२ सेकंद, त्यापुढच्या दोन्ही टप्प्यांना ०.८३. पण तुमच्या ग्राफकडे बघा, रेषा तर वरच चाललीय! जाणारच ना, तो पुढेच पळत होता, अंतर वाढतच होतं, फक्त वाढण्याचा दर किंचित कमी झाला. रेषा खाली येणं वेगळं आणि रेषेचा चढ कमी होणं वेगळं. अंतर-काल ग्राफ कधीच खाली येऊ शकत नाही, चाललेलं अंतर मागे कसं जाईल? खाली येतो तो विस्थापन-काल किंवा स्थान-काल ग्राफ, आणि तिथे खाली येणारी रेषा म्हणजे वस्तू परत फिरलीय.

चढ काढताना तीन पथ्यं पाळा. सरळ रेषा असेल तर लांबलांबचे दोन बिंदू घ्या, शेजारचे घेतलेत तर वाचनातली छोटी चूक उत्तरात मोठी होते. रेषा वळलेली असेल आणि एखाद्या क्षणाचा वेग हवा असेल तर त्या बिंदूला पट्टीने स्पर्शिका, म्हणजे तिथे वळणाला फक्त टेकून जाणारी सरळ रेषा, काढा आणि स्पर्शिकेचा चढ काढा. आणि कोनमापक अजिबात काढू नका, रेषा ४५ अंशात दिसतेय म्हणून वेग १ होत नाही, स्केल बदललं की तीच रेषा उभी किंवा आडवी दिसायला लागते. फरक अक्षावरच्या आकड्यांचा घ्यायचा, कागदावरच्या सेंटीमीटरचा नाही.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा

कोकण रेल्वेने गेला असाल तर "क्रॉसिंगला थांबलीय" हे वाक्य पाठ असेल. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा मार्ग, त्यातला रोहा-वीर पट्टा २०२१ मध्ये डबल झाला पण बाकी बराचसा अजून सिंगल लाइनच आहे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात ज्या चार्टवर गाड्या सांभाळतात तो साधा स्थान-काल ग्राफ असतो, आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. एका दिशेच्या गाड्यांच्या रेषा वर जातात, उलट दिशेच्या खाली येतात. स्टेशनात थांबली की रेषा आडवी. एक्सप्रेसची रेषा पॅसेंजरपेक्षा जास्त तिरकी. आणि समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा जिथे छेदतात तिथे त्या दोन्ही एकाच वेळी एकाच जागी असतात, म्हणून सिंगल लाइनवर तो छेदबिंदू कुठल्यातरी स्टेशनच्या रेषेवरच पडावा लागतो जिथे एक गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेता येते, खेड आणि चिपळूणच्या मधे कुठेतरी रुळावर पडून चालत नाही. तुमची गाडी वीस मिनिटं उगाच उभी राहते असं वाटतं ना, ती उगाच नसते, चार्टवरचा तो बिंदू स्टेशनवर आणायचा असतो.

हे स्थान-काल ग्राफपुरतंच खरं आहे, आणि इथेच परीक्षेत हमखास फसवतात. वेग-काल ग्राफमध्ये दोन रेषा छेदल्या म्हणजे त्या क्षणी दोघांचा वेग सारखा झाला, बास, भेट झाली असं नाही. समजा सिग्नलला एक बाइक उभी आहे, सिग्नल हिरवा होतो त्याच क्षणी बाजूने एक बस १० मीटर प्रति सेकंद अशा एकाच वेगाने निघून जाते, आणि बाइक शून्यापासून २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने सुटते. वेग-काल ग्राफमध्ये बसची रेषा आडवी, बाइकची तिरकी, आणि ५ सेकंदाला त्या छेदतात. पण तेव्हा बस ५० मीटर पुढे गेलेली असते आणि बाइक फक्त २५. उलट त्या क्षणी दोघांतलं अंतर सगळ्यात जास्त असतं! बाइक बसला गाठते १० व्या सेकंदाला, दोघंही १०० मीटरवर. हे २५, ५० आणि १०० कुठून आले ते पुढे बघू.

वेग-काल ग्राफ: चढ आणि क्षेत्रफळ दोन्ही कामाचे

इथे उंची म्हणजे वेग, ती थेट वाचता येते. चढ म्हणजे त्वरण. आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. चढ आणि क्षेत्रफळ यात गोंधळ होत असेल तर एककं बघा, तीच सांगतात. चढ काढताना मीटर प्रति सेकंदला सेकंदाने भागतो, उरतं मीटर प्रति सेकंद वर्ग, ते त्वरणाचं एकक. क्षेत्रफळ काढताना मीटर प्रति सेकंदला सेकंदाने गुणतो, सेकंद उडतो, उरतो मीटर. पाठ करायची गरजच नाही.

क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे पटत नसेल तर ग्राफचे उभे बारीक बारीक पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात वेग जवळपास तोच आहे, मग पट्ट्याची उंची गुणिले रुंदी म्हणजे वेग गुणिले वेळ, म्हणजे तेवढ्या वेळातलं अंतर. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे एकूण अंतर. मघाशी बसचे ५० मीटर आले ते ५ गुणिले १० च्या आयताचे, बाइकचे २५ त्याच्या अर्ध्या त्रिकोणाचे, आणि १० व्या सेकंदापर्यंत दोघांचंही क्षेत्रफळ १०० होतं. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाच्या विद्वानाने असंच काढून दाखवलं होतं, गॅलिलिओच्या दोन-अडीचशे वर्षं आधी, तेव्हा ग्राफ पेपरही नव्हता.

आता एक लोकल घ्या, आकडे सोयीसाठी घेतलेत. स्टेशनातून सुटते, ४० सेकंदांत वेग शून्यावरून २० मीटर प्रति सेकंद होतो, मग ६० सेकंद तोच वेग, मग ३० सेकंदांत ब्रेक लावून पुढच्या स्टेशनात थांबते. ग्राफ काढा, समलंब चौकोन मिळेल. पहिला त्रिकोण ४०० मीटर, मधला आयत १२०० मीटर, शेवटचा त्रिकोण ३०० मीटर, एकूण १९०० मीटर. समलंबाच्या सूत्रानेही तपासा, समांतर बाजू ६० आणि १३०, त्यांच्या बेरजेचा अर्धा ९५, गुणिले २०, तेच १९००. सरासरी वेग १९०० भागिले १३०, साधारण १४.६ मीटर प्रति सेकंद. शून्य आणि वीसची सरासरी १० घेऊन मोकळं व्हायचं नाही, ते फक्त एकाच तिरक्या सरळ रेषेला चालतं. आणि ब्रेकचा चढ वेग घेण्याच्या चढापेक्षा जास्त उतरता आहे, ०.५ विरुद्ध ०.६७, म्हणून ब्रेकला उभी माणसं जास्त हेलपाटतात.

गतीची तीन समीकरणं ग्राफने सिद्ध करा हा प्रश्न बोर्डाला आवडतो, आणि तो पाठ करून लिहिणाऱ्यांची मला कीव येते कारण त्यात वेगळं काहीच नाही. पहिलं समीकरण, v = u + at, म्हणजे चढ (u सुरुवातीचा वेग, v शेवटचा, a त्वरण, t वेळ, s विस्थापन). दुसरं, s = ut + ½at², म्हणजे क्षेत्रफळ, खालचा आयत सुरुवातीच्या वेगाचा आणि वरचा त्रिकोण वाढलेल्या वेगाचा, त्यातला तो ½ त्रिकोणाचाच. तिसरं, v² = u² + 2as, म्हणजे समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ, ज्यात वेळेच्या जागी वेगातला फरक भागिले त्वरण टाकलंय.

रेषा वळलेली असेल तर शाळेच्या पातळीवर चौकोन मोजा. एक सेंटीमीटर म्हणजे २ सेकंद आणि एक सेंटीमीटर म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद असं स्केल असेल तर एक मोठा चौकोन म्हणजे १० मीटर. अर्ध्याहून जास्त भरलेला मोजायचा, कमी भरलेला सोडायचा, उत्तर बऱ्यापैकी येतं.

अक्षाच्या खाली

ज्याला हा भाग जमला त्याला पुढचं सगळं जमतं, म्हणून इथे थांबून करा. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, हवेचा विरोध सोडून द्या, वरची दिशा धन धरा. वेग दर सेकंदाला ९.८ ने कमी होतो, २ सेकंदांनी शून्य, ४ सेकंदांनी उणे १९.६, आणि चेंडू परत हातात. वेग-काल ग्राफ काढला तर वरून खाली येणारी एकच सरळ रेषा, २ सेकंदाला वेळेच्या अक्षाला छेदून खाली जाणारी. व्ही आकार नाही, टेकडी नाही, कुठेही मोड नाही.

आता प्रश्न. सगळ्यात वरच्या बिंदूला वेग शून्य, मग त्वरण किती? बहुतेक जण शून्य म्हणतात. रेषेचा चढ बघा, तिथेही तोच आहे, उणे ९.८. वेग शून्य असला तरी तो बदलतोय, नाहीतर चेंडू वरच लटकून राहिला असता.

पुढचा प्रश्न, २ सेकंदांनंतर रेषा अजून खालीच जातेय, मग चेंडू हळू होतोय का? नाही, तो जोरात येतोय. अक्षाच्या खाली ऋण म्हणजे फक्त दिशा उलटी, आणि अक्षापासून जितकं लांब तितकी चाल, म्हणजे दिशा सोडून नुसता वेग, जास्त. म्हणून उणे त्वरण म्हणजे नेहमी मंदावणं असं नसतं. रेषा वेळेच्या अक्षाकडे सरकतेय तर चाल कमी होतेय, अक्षापासून लांब जातेय तर वाढतेय, वर असो की खाली.

आणि क्षेत्रफळ. अक्षावरचा त्रिकोण १९.६ मीटर, खालचा उणे १९.६. विस्थापन हवं तर चिन्हासकट बेरीज, शून्य. अंतर हवं तर चिन्ह सोडून बेरीज, ३९.२ मीटर.

एका ग्राफवरून दुसरा काढणं

कागदावर तीन ग्राफ एकाखाली एक काढा, वर विस्थापन, मधे वेग, खाली त्वरण, तिघांचा वेळेचा अक्ष एकसारखा. जिथे काही बदलतं तिथे तिन्हींतून जाणारी उभी तुटक रेषा मारा. वरून खाली उतरताना चढ काढायचा, खालून वर चढताना क्षेत्रफळ. वरच्या ग्राफचा चढ जिथे शून्य तिथे मधला अक्षाला टेकतो, वरचा सरळ तिरका असेल तर मधला आडवा, मधला सरळ तिरका असेल तर वरचा वळलेला आणि खालचा आडवा. खालून वर जाताना सुरुवात कुठून करायची ते मात्र प्रश्नातच दिलेलं लागतं, क्षेत्रफळाने फक्त बदल कळतो.

खऱ्या वस्तूवर बघायचं असेल तर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं. फोनमध्ये बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असेल तर त्यातला लिफ्टचा प्रयोग उघडा, फोन लिफ्टच्या फरशीवर ठेवा आणि चार-पाच मजले वर जा. उंची, वेग आणि त्वरण तिन्ही ग्राफ समोर येतात. त्वरणात निघताना वर एक उंचवटा, मधे शून्याच्या आसपास थरथर, थांबताना खाली एक खड्डा दिसतो, सगळा वेळ त्वरण असतं असं वाटणाऱ्यांना हा मधला शून्य जरूर दाखवा. खाली येताना परत करा, उंचवटा आणि खड्डा जागा बदलतात. रेषा पुस्तकासारखी स्वच्छ येणार नाही, सेन्सर थोडे इकडेतिकडे करतातच.

सरावाला एक

वेग-काल ग्राफ, एकच सरळ रेषा, शून्य सेकंदाला वेग १२ मीटर प्रति सेकंद, ६ सेकंदाला उणे ६. त्वरण किती, वस्तू कधी वळली, विस्थापन किती, एकूण अंतर किती, आणि शेवटच्या दोन सेकंदांत चाल वाढली की कमी झाली? काढून झाल्यावरच पुढे वाचा.

त्वरण उणे ३. वळली ४ सेकंदाला. विस्थापन १८ मीटर, अंतर ३० मीटर, आणि शेवटी चाल वाढली. तुमचं अंतरही १८ आलं असेल तर अक्षाखालचा ६ मीटरचा त्रिकोण तुम्ही वजा केलाय. दोन्ही उत्तरं २४ आली असतील तर तो त्रिकोण मोजायचाच राहिलाय, रेषा अक्षाला टेकली तिथे तुम्ही थांबलात.